उंबऱ्याबाहेरचा हेकट्या

कुत्रं म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे जे येतं, तसा हेकट्या मुळीच नव्हता. अंगावर खराट्यासारखे राठ केस, रंग उदी, मधे मधे करडे ठिपके. हनुवटीला दाढी, ओठांवर मिशा, डोळ्यांवर झुपकेदार भुवया, आणि शेपूट अर्धीच. साहेबाच्या मुलखात ती म्हणे पिल्लू असतानाच छाटतात. नथूने त्याला आंदर मावळातल्या आपल्या गावात पहिल्यांदा आणलं तेव्हा चावडीवरच्या माणसांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकदा दत्तोबा आबांच्या दाढीकडे. हसावं की नाही, कुणाला कळेना. शेवटी आबाच म्हणाले, "हसा की लेकांनो. माजा धाकला भाऊ इलायतेत ऱ्हायला हुता, त्यो आलाय."

साहेब जर्मन होता. लोणावळ्याला धरणाच्या कामावर आलेला, आणि नथू त्याच्या बंगल्यावर शिकारीचा गडी. चौदा साली तिकडे लढाई पेटली, आणि इकडे एका सकाळी पोलिसांनी साहेबाला नगरच्या छावणीत नेलं. बंदूक सरकारजमा झाली. कुत्रा जमा करून घ्यायचा कायदा कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून साहेबाने साखळी नथूच्या हातात दिली आणि मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं, मी येईन. कुत्र्याचं नाव हेक्टर. गावाने दोन दिवसांत त्याचं हेकट्या केलं, आणि ते त्याला शोभलंही.

गावातली कुत्री दिवसभर राखेत पडून असतात, कुणी आलं तर एक डोळा उघडतात. हेकट्याला रोज दोन डोंगर पायाखाली घातल्याशिवाय चैन नसे. एखादा दिवस नथूने त्याला फिरवलं नाही तर तो गोठ्यातली गव्हाण उकरी, वाळत घातलेलं लुगडं ओढून पार ओढ्यापर्यंत नेई. आणि त्याला वस्तू आणून द्यायचा भारी नाद. देवळापुढे काढलेल्या वहाणांतली एक वहाण, कुणाची विळी, कुणाचं टोपलं. सरुबाई शेजारीण, तिची तांबडी कोंबडी तर त्याने सात-आठ वेळा आणली. कोंबडी जिवंत, एक पीस मोडलेलं नाही, डोळे मात्र पांढरे झालेले. नथूची बायको झुंबरबाई हिच्यापुढे तो ती तोंडात धरून बसे आणि तिने दोन्ही हात पुढे केल्याशिवाय सोडत नसे. सरुबाई अंगणात येऊन शिव्या घाली. झुंबरबाई कोंबडी परत देई आणि पदरात हसे. तेव्हा ती हसत असे.

त्याची आणखी एक तऱ्हा होती. रानात गवतात कुठे पाखरू दडलेलं असलं की हेकट्या जागीच थिजायचा. पुढचा एक पाय उचललेला, नाक पुढे, शेपटीचा तुकडा ताठ. भुंकणं नाही, झडप नाही. पहिल्यांदा लोकांना वाटलं, त्याच्या अंगात आलं. एका म्हातारीने त्याच्यावरून लिंबू उतरून टाकलं. मग नथूने समजावलं, की साहेबाची कुत्री अशीच पाखरू दाखवतात. बंदूकवाला येईपर्यंत हलत नाहीत. बंदूक तर गेली होती, म्हणून नथू दाखवलेल्या जागेवर जाळं टाकायचा. जाळ्यातून एखादी लावरी निसटून झुडपात शिरली की म्हणायचा, "आपोर!" हा साहेबाचा शब्द. तो कानी पडेपर्यंत हेकट्या जागचा हलत नसे, आणि पडला की बाणासारखा जाऊन पाखरू घेऊन येई. तेही जिवंत, कारण लोणावळ्याच्या बाजारातला मेहबूबभाई मेलेलं पाखरू घेत नसे. सुरी फिरवायला त्यात जीव हवा, म्हणे. नथू आणि कुत्रा, दोघांच्या अंगाला रानातले काटे, दोघांच्या तोंडावर तोच आनंद. झुंबरबाईला मूलबाळ नव्हतं. ती म्हणायची, मला दोन नवरे, एक दाढीवाला, एक बिनदाढीचा.

घरात मात्र एक कायदा होता. कुत्रं उंबऱ्याच्या बाहेर. आत देव, आत चूल, आणि भिंतीला भिंत लागून थोरल्या दिराचं, अंबाजीचं, घर. अंबाजीला शिवाशिव फार. हेकट्या आला त्या पहिल्याच आठवड्यात झुंबरबाईने फुंकणी घेऊन उंबऱ्याशी बसून त्याला हा कायदा शिकवला. तीन फटके पुरले. चार वर्षांत त्याने पुन्हा आत पाय टाकला नाही. उंबऱ्याला हनुवटी टेकवून तो आत बघत पडायचा.

अठरा साली पाऊस दगा देऊन गेला. भात पोटरीत येता येता वाळलं. आणि वर आश्विनात मानमोडी आली. तिचा ताप असा, की सकाळी नांगराला हात लावणारा माणूस तिसऱ्या दिवशी नदीवर. उचलायला चार माणसं मिळेनात. एका घरातलं जाळून यावं तर दुसऱ्या घरातून हाक. रडायलासुद्धा पाळी लावावी लागली असती. झुंबरबाई आधी पडली आणि बरी होऊन उठली. नथू मागाहून पडला.

तीन दिवस तो घोंगडीवर होता. हेकट्या उंबऱ्याशी बसून बारीक आवाजात कण्हायचा, पंजाने चौकट खरवडायचा. आजाऱ्याच्या दारात कुत्र्याने रडणं म्हणजे काय, ते कुणी सांगावं लागतं का? सरुबाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "त्याला दारातनं हाकल बाय. लय वंगाळ असतंय ते." तिसऱ्या दिवशी दुपारी नथूने डोळे उघडले.

"हेकट्याला आत घे गं," तो म्हणाला. "जरा हात फिरवतो."

झुंबरबाई स्वतः भिंतीला धरून चालत होती. "कुत्रं आन् आत?" ती म्हणाली. "भाऊजी काय म्हनतील? बरं व्हा तुमी, मंग फिरवा की हात, नको कोन म्हनतंय."

एवढं बोलून ती बाहेर गेली, कोपऱ्यातलं लाकूड उचललं, हेकट्याला हाणलं आणि गोठ्यात नेऊन दाव्याने बांधलं. परत आली तेव्हा नथू दाराकडे बघत होता. दिवस कलायच्या आत तो गेला. डोळे दाराकडेच होते, ते अंबाजीने मिटले.

त्यानंतर झुंबरबाईला काही झालं नाही. हेच सगळ्यांना खटकलं. ती रडली नाही. बांगड्या फोडल्या तेव्हा मनगटाला काच लागली, रक्त आलं, तिने ते दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसं पाहिलं. सरुबाईने तिला गदागदा हलवलं, "रड गं बाय, डोळ्यातनं पानी काढ, न्हाई तर आत साटून ऱ्हाईल." झुंबरबाई म्हणाली, "व्हय." आणि राख काढायला लागली. तव्यावरची भाकरी ती हाताने उलटायची आणि चटका बसायचा नाही. दुखवट्याला येणाऱ्या बायकांना तिची भीती वाटू लागली. तिला स्वतःला ना भीती, ना दुःख. फक्त एक वाक्य डोक्यात बसून होतं, पाहुण्यासारखं, उठायचं नाव नाही. जरा हात फिरवतो.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. गोठ्यात ती दोन वेळा भाकरीचा तुकडा टाकून येई आणि हेकट्याकडे न बघता परत फिरे. नवव्या दिवशी अंबाजी म्हणाला, "दहावा झाला की ते कुत्रं लोनावळ्याला धाडून देऊ. दोन मान्सांचं खातंय." ती त्यालाही "व्हय" म्हणाली.

दहावा आंध्रा नदीच्या काठी होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेला माणूस मोकळा झाला, नाही शिवला तर त्याचं मन कशात तरी अडकलंय, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण त्या महिन्यात काठावर रोज आठ-दहा पिंड. दगडादगडावर भाताचे गोळे वाळत पडलेले. कावळ्यांची चंगळ. पोटं टम्म फुगवून ते करंजाच्या झाडावर बसले होते, खाली बघायलाही तयार नाहीत. दुष्काळात माणसं उपाशी आणि कावळ्यांना अजीर्ण, असा तो काळ.

अंबाजीने पिंड ठेवला, हात जोडले, मागे सरला. सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं.

"नथ्या," अंबाजी मोठ्याने म्हणाला, "तुज्या बायकूला अंतर देनार न्हाई. वरचं खाचर तिच्याकडंच ऱ्हाईल. मोकळा हो बाबा."

एका कावळ्याने पंख साफ केला.

"मेहबूबभाईकडं काय बोलनं झालं आसंल तर ते बी निभावीन."

काही नाही. मग सरुबाई हळूच म्हणाली, "त्या कुत्र्याचं बोला की. त्याचा जीव हुता त्याच्यावर." अंबाजीने घसा खाकरला. भाऊ तो भाऊ. शिवाशिवीचा असला तरी दगडाचा नव्हता, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. "बरं, नथ्या. तुजं कुत्रं कुटं धाडत न्हाई. हितंच ऱ्हाईल, उपाशी ठेवनार न्हाई. आता तरी ये."

कावळे आले नाहीत. झुंबरबाई बायकांत बसली होती. कावळा का येत नाही हे त्या सबंध काठावर तिला एकटीला कळत होतं. खाचर नाही, खाणं नाही. उंबरा. ते तिने मोठ्याने म्हणायला हवं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. तिने प्रयत्न केला. जीभ टाळूला चिकटून राहिली. ही आपली जीभ आहे असंच तिला वाटेना.

दत्तोबा आबांनी सूर्याकडे पाहिलं. "किती येळ बसायचं? खाली दुसरी मानसं खोळंबल्यात. दर्भाचा कावळा करा, शिववा, आन् उरका."

दर्भाचा कावळा म्हणजे गवताच्या काडीला गाठ मारून तिलाच कावळा म्हणायचं आणि पिंडाला लावायचं. शास्त्राला चालतं. पण गाव मनातून ओळखून असतं, की ज्याला गवताचा कावळा शिवला तो तसाच लोंबकळत राहिला. अंबाजी खाली मान घालून काडी शोधू लागला. झुंबरबाई बघत राहिली. आता ती काडी लागणार आणि नथू कायमचा दाराकडे बघत राहणार, एवढं तिला दिसलं. आणि तरी शब्द येईना.

तेवढ्यात वरच्या वाटेवरून हेकट्या आला. गळ्यात दाव्याचा तुटका तुकडा, दहा दिवस बांधून ठेवलेली सगळी ताकद पायांत. एकच ओरडा झाला. "हाड! हाड! पिंडाला शिवंल!" कुणी दगड उचलला, अंबाजीने काठी. पिंडाला कावळ्याच्या आधी कुत्रं शिवलं तर मग बोलायलाच नको. पण दहा दिवसांचा अर्धपोटी तो प्राणी भाताच्या गोळ्याजवळून गेला आणि त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काठाच्या लव्हाळ्याशी गेला आणि थिजला. पुढचा पाय उचललेला. नाक पुढे. शेपटीचा तुकडा ताठ.

अंबाजी काठी घेऊन त्याच्यामागे पोचला. हेकट्या हलला नाही. काठी बसली असती तरी हलला नसता. त्याला हुकूम हवा होता, आणि हुकूम देणारा दहा दिवसांपूर्वी याच काठावर जळाला होता.

"मारू नका त्याला," झुंबरबाई म्हणाली.

सगळ्या बायका वळल्या. ती उभी राहिली होती. अंबाजीची काठी वरच राहिली. झुंबरबाई पुढे आली. तो शब्द तिने चार वर्षांत शेकडो वेळा ऐकला होता आणि एकदाही उच्चारला नव्हता. तो नथूचा शब्द होता.

"आपोर," ती म्हणाली.

हेकट्या लव्हाळ्यात शिरला. पाणी उडालं, पंखांचा फडफडाट झाला, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडात कावळा होता. एक पंख लुळा पडलेला, म्हणूनच बिचारा झाड सोडून खाली दडला असेल. जिवंत होता. करंजावरच्या साऱ्या कावळ्यांनी एकदम कालवा केला. हेकट्या काठावरच्या तीस माणसांतून सरळ झुंबरबाईपुढे येऊन बसला आणि मान वर करून थांबला. सरुबाईची कोंबडी आणायचा तेव्हा बसायचा, तसाच.

तिने दोन्ही हात पुढे केले. कावळा हातात आला. ओला, ऊन ऊन, आणि त्याच्या छातीतली धडधड तिच्या तळहातांना लागली. भाकरीचा चटका न कळणाऱ्या तळहातांना ती कळली. तिला एकदम फार दुखलं. कुठे दुखलं ते सांगता आलं नसतं, पण दुखलं.

"आत घेते त्याला," ती म्हणाली. लोकांशी नाही, पिंडाशी बोलत होती. "ऐकलं का? आत घेते. चुकलं माजं. तुमी मागितलं आन् मी दिलं न्हाई."

कुणाला काही समजलं नाही. ती पिंडापाशी गेली, ओणवी झाली आणि हात उघडले. कावळा धडपडत भातावर पडला, सावरला, आणि त्याने पिंडाला चोच मारली. भुकेने मारली की घाबरून, ते त्यालाच ठाऊक. मग तो उड्या मारत, लुळा पंख ओढत, परत लव्हाळ्यात शिरला.

अंबाजीच्या हातात दर्भाची काडी तशीच होती. "आबा," तो म्हणाला, "हे चालतंय का? कुत्र्यानं आनलेला कावळा..."

दत्तोबा आबांनी दाढीवरून हात फिरवला. "कावळा हुता का न्हाई?"

"हुता."

"शिवला का न्हाई?"

"शिवला."

"मंग? त्यानं कसं यावं, चालत का गाडीत बसून, हे मला कुनी सांगितलेलं न्हाई. टाक ती काडी." आणि मग आवाज उतरवून, "नथ्याचाच गडी हाय तो. नथ्यासाटीच आनला."

अंघोळी करून सगळे घरी परतले. दिवस अजून बराच होता. झुंबरबाईने दार सताड उघडलं आणि आत जाऊन वळली. हेकट्या मागोमाग आला होता आणि उंबऱ्याशी येऊन थांबला होता. हनुवटी उंबऱ्यावर टेकवून पडला.

"ये," ती म्हणाली.

त्याने भुवया उचलून पाहिलं. आला नाही.

"ये की रं. आता कोन मारत न्हाई."

तो उठला, उंबऱ्याजवळ पाय उचलला, आणि तिच्या हाताकडे पाहून पुन्हा मागे घेतला. तिच्या हातात काही नव्हतं. तिने दोन्ही तळवे त्याला उघडून दाखवले. तरी त्याचा विश्वास बसेना. शिकवणूक पक्की झाली होती, आणि ती तिनेच केली होती. भिंतीपलीकडे अंबाजीच्या घरात भांडी वाजत होती. अंबाजी अंगणात आला, उघडं दार आणि उंबऱ्यावरचं कुत्रं त्याने पाहिलं, आणि परत आत गेला.

शेवटी ती खाली बसली, त्याच्या गळ्यातला दाव्याचा तुकडा सोडून फेकला आणि राठ मानेला धरून त्याला हळूच ओढलं. हेकट्या अंग चोरून, पोट जमिनीला घासत, चार वर्षांत पहिल्यांदा घरात आला.

आत आल्यावर मात्र तो बदलला. नाक जमिनीला लावून चुलीपाशी गेला, देवांच्या फळीखाली गेला, आणि मग जिथे नथू निजला होता तिथे आला. ती जागा सारवलेली होती. दक्षिणेकडे तोंड करून दहा दिवसांचा दिवा तेवत होता, तो आज संध्याकाळी उचलायचा होता. शेजारी घडी केलेली घोंगडी. हेकट्याने एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

आणि थिजला. पुढचा पाय उचललेला, नाक त्या रिकाम्या जागेकडे, शेपटीचा तुकडा ताठ. मानही न वळवता तो हुकमाची वाट बघू लागला.

झुंबरबाईच्या तोंडात तो शब्द आला आणि तिथेच राहिला. ती सरकत त्याच्याजवळ गेली. त्याच्या पाठीवर हात ठेवला, फिरवला. केस हाताला टोचले. जरा हात फिरवतो, नथू म्हणाला होता. एवढंच मागितलं होतं त्याने, दुसरं काही नाही. ती हात फिरवत राहिली आणि मग रडायला लागली, मोठ्याने, घसा फाटेपर्यंत. कुंपणापलीकडे सरुबाईने ते ऐकलं, धावत निघालेली मधेच थांबली आणि परत गेली.

हेकट्याने मात्र पाय खाली ठेवला नाही. हुकूम अजून आला नव्हता.